फ्लिंट : शिशाच्या आधीचा कर्ब

फ्लिंटचे नाव काढले की शिसे आठवते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले हे शहर, तिथल्या नळांतून आलेले शिसे आणि लहान मुलांच्या रक्तात सापडलेले त्याचे अंश ही हकिगत जगभर पोचली, आणि पोचायलाच हवी होती. पण त्या पाण्याची पहिली मोठी तक्रार शिशाची नव्हती. शिशाचा बोभाटा होण्याच्या आठेक महिने आधी, २ जानेवारी २०१५ रोजी, शहराने ग्राहकांना एक सूचनापत्र पाठवले. ट्रायहॅलोमिथेन या गटातल्या रसायनांचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेबाहेर गेले आहे, असे त्यात लिहिले होते. ही रसायने पाण्यात कुणी टाकत नाही. नदीतून आलेला सेंद्रिय कर्ब आणि जंतू मारण्यासाठी टाकलेले क्लोरीन यांची गाठ पडली की ती तयार होतात. म्हणजे शिशाच्या आधी बिघडले होते ते कर्बाचे गणित. प्रकरणाचा हा भाग नंतर झाकला गेला. माझ्या मते सावरण्याची एक खरी संधी तिथेच होती, म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

कर्ब म्हणजे नेमके काय

सेंद्रिय कर्ब हा शब्द आपल्याला माती परीक्षणाच्या अहवालामुळे ओळखीचा आहे. जमिनीत तो वाढावा म्हणून धडपड असते. पिण्याच्या पाण्यात मात्र उलट, तो जितका कमी तितके बरे. झाडांचा पालापाचोळा, कुजलेली मुळे, शेवाळ, पावसाने धुऊन आणलेली माती, वरच्या गावांचे सांडपाणी या सगळ्यांतून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ नदीत येतात. त्या सगळ्यांचा एकत्रित हिशेब म्हणजे एकूण सेंद्रिय कर्ब. तो लिटरला किती मिलिग्रॅम, असा मोजतात. प्रमाण बरेच असेल तर पाण्याला फिक्या चहासारखी झाक येते, पण ग्लासभर पाण्याकडे पाहून अंदाज बांधायला जाऊ नये. अगदी नितळ दिसणाऱ्या पाण्यातही क्लोरीनला पुरून उरेल एवढा कर्ब असू शकतो.

हा नैसर्गिक कर्ब प्याल्याने माणूस आजारी पडतो असे नाही. तो पुढे काय घडवतो, ते महत्त्वाचे. एक तर तो क्लोरीन खातो. दुसरे, क्लोरीनशी संयोग पावून क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनयुक्त भावंडे तयार करतो. तिसरे, त्याचे लहान तुकडे नळांच्या आतल्या भिंतींवर वाढणाऱ्या जिवाणूंचे अन्न होतात. फ्लिंटमध्ये काय चुकले हे समजून घ्यायचे तर या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

क्लोरीन टाकल्यावर पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो, हे १९७४ मध्ये योहानेस रूक या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या रसायनतज्ज्ञाने दाखवले. तोपर्यंत क्लोरीन हा निखळ तारणहार मानला जात होता. पटकी आणि विषमज्वरापासून त्याने वाचवलेल्या जिवांची संख्या पाहता तो मान त्याला मिळायलाच हवा होता. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आणि १९७९ मध्ये अमेरिकेने ट्रायहॅलोमिथेनसाठी लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. १९९८ च्या नियमाने ती ८० वर आली. ही मर्यादा दीर्घकालीन धोक्यासाठी आहे. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. एक ग्लास पाण्याने कुणाला काही होत नाही. याच कारणामुळे या आकड्याकडे "बघू पुढच्या तिमाहीत" म्हणून दुर्लक्ष करणे सोपे जाते.

नमुन्याची शीशी

हे मोजतात कसे, तेही सांगतो, कारण आकड्यामागचे काम दिसले की आकड्याची किंमत कळते. ट्रायहॅलोमिथेन उडून जाणारी आहेत. म्हणून नमुना छोट्या काचेच्या शीशीत घेतात, साधारण ४० मिलिलिटरच्या. उरलेले क्लोरीन तिथल्या तिथे मारणारे रसायन शीशीत आधीच असते, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आतच आणखी ट्रायहॅलोमिथेन तयार होत राहतील. नळ बारीक सोडून, पाणी न खळाळता, काठोकाठ भरायचे, पाण्याचा फुगवटा शीशीच्या तोंडावर उभा राहीपर्यंत. मग झाकण लावून शीशी उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. मटारच्या दाण्याएवढा काय, त्याहून बारीक बुडबुडा जरी वर सरकताना दिसला तरी चालत नाही, नव्या शीशीत पुन्हा भरायचे. त्या बुडबुड्यात क्लोरोफॉर्म जाऊन बसते आणि आकडा खोटा, म्हणजे कमी येतो.

कर्बाची चाचणी वेगळी. नमुन्यात आम्ल घालून त्यातून वायू सोडतात, म्हणजे कार्बोनेटांमधला असेंद्रिय कर्ब निघून जातो. उरलेला कर्ब जाळून किंवा रसायनाने त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि तो वायू अवरक्त किरणांनी मोजतात. रोजच्या कामासाठी याहून झटपट मार्ग आहे : २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण पाण्यातून सोडायचे आणि किती शोषले गेले ते पाहायचे. क्लोरीनशी चटकन संयोग पावणारा कर्ब हे किरण जास्त शोषतो. दोन मिनिटांत कळते की आज नदीने काय पाठवले आहे.

नदीकडे वळलेले शहर

फ्लिंटला १९६७ पासून डेट्रॉइटकडून शुद्ध केलेले पाणी मिळत होते. मूळ स्रोत ह्युरॉन सरोवर. एवढ्या प्रचंड सरोवराचे पाणी दिवसागणिक फारसे बदलत नाही. त्यात कर्ब कमी, तापमानाचे चढउतार संथ. शहर आर्थिक डबघाईला आल्यावर कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. खर्च कमी करण्यासाठी सरोवरापासून नवी जलवाहिनी टाकणाऱ्या प्राधिकरणात सामील व्हायचे ठरले. ती वाहिनी पुरी व्हायला अवधी होता आणि तेवढ्या काळासाठी शहरातून वाहणाऱ्या फ्लिंट नदीचे पाणी घ्यायचे, असा निर्णय झाला. २५ एप्रिल २०१४ रोजी महापौरांनी कळ दाबली आणि पाणी बदलले.

नदी ही सरोवरासारखी नसते. पाऊस पडला की दोन दिवसांत तिचा स्वभाव पालटतो. फ्लिंट नदीत सेंद्रिय कर्ब जास्त होता, क्षार आणि क्लोराइडही जास्त, आणि उन्हाळ्यात ते पाणी चांगलेच तापत असे. शहराचे शुद्धीकरण केंद्र गेली कित्येक दशके केवळ अडीअडचणीसाठी राखीव ठेवलेले होते. आता त्याला रोज, चोवीस तास, अशा नदीशी झुंजायचे होते. तिथली साखळी अशी होती : ओझोन, मग फेरिक क्लोराइडने गाळ धरवणे, चुन्याने पाणी मृदू करणे, गाळणी आणि शेवटी क्लोरीन. कागदावर ही चांगली साखळी आहे. पण प्रत्येक टप्पा त्या नदीसाठी नेमका बसवायला वेळ लागतो, आणि वेळ कुणी दिला नव्हता.

यात शहराच्या नळयंत्रणेची भर पडली. १९६० च्या सुमारास फ्लिंटची लोकसंख्या दोन लाखांच्या घरात होती, २०१४ पर्यंत ती एका लाखावर आली होती. नळ मात्र दोन लाखांच्या, शिवाय मोठ्या कारखान्यांच्या हिशेबाने टाकलेले. रुंद नळात पाणी हळू सरकते. केंद्रातून निघालेले पाणी शेवटच्या घरी पोचायला बरेच दिवस लागू लागले. या काळाला पाण्याचे वय म्हणतात, आणि कर्ब शिल्लक असलेल्या पाण्यासाठी वय ही वाईट गोष्ट आहे. एकीकडे क्लोरीन संपत जाते, दुसरीकडे ट्रायहॅलोमिथेन वाढत जातात. त्यातच हे नळ जुन्या ओतीव लोखंडाचे. नव्या पाण्याने ते गंजू लागले आणि गंजणारे लोखंडही क्लोरीन खाते. ही भूक कर्बाच्या भुकेवर आणखी चढली.

उन्हाळ्यातला पेच

ऑगस्ट २०१४ मध्ये शहराच्या काही भागांत पाण्यात विष्ठेतले जिवाणू सापडले. पाणी उकळून प्या, असे सांगण्याची वेळ आली. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. यंत्रणेने क्लोरीन वाढवले. यावर मागाहून पुष्कळ टीका झाली. मला ती तितकीशी पटत नाही. पाण्यात विष्ठेतले जिवाणू असतील तर लोक आजच आजारी पडणार आहेत. ट्रायहॅलोमिथेनचा धोका वर्षांचा. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की उपपदार्थांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. त्या आठवड्यात क्लोरीन वाढवणे बरोबरच होते.

चूक त्याच्या आधी झाली आणि त्याच्या नंतरही चालू राहिली. कर्ब गाळणीच्या अलीकडेच काढायचा असतो. तो तसाच पुढे गेला की क्लोरीनला दोन कामे करावी लागतात, जंतू मारायचे आणि कर्बाचे पोट भरायचे. मग कितीही टाकले तरी शेवटच्या घरी काही उरत नाही, आणि टाकलेले सगळे ट्रायहॅलोमिथेनच्या खात्यात जमा होते. पाणी गरम असले की ही क्रिया वेगाने होते. चुन्यामुळे सामू (पीएच) वाढला की ट्रायहॅलोमिथेन आणखी सहज तयार होतात. फ्लिंटच्या त्या उन्हाळ्यात यातली प्रत्येक गोष्ट एकाच वेळी हजर होती.

ओझोनबद्दल थोडे वेगळे सांगावेसे वाटते. ओझोन कर्ब नाहीसा करतो असा समज आहे. बहुतेक वेळा तो मोठ्या रेणूंचे लहान तुकडे करतो. हे तुकडे क्लोरीनशी कमी भांडतात, पण जिवाणूंना मात्र ते चघळायला सोपे. पुढच्या गाळणीत उपयुक्त जिवाणूंचा थर जोपासला असेल तर तिथेच हे तुकडे संपतात, नसेल तर नळांत जाऊन मेजवानी होते. क्लोरीन नसलेले, कोमट, कर्बाने भरलेले पाणी जिवाणूंना दुसरे काय हवे! फ्लिंटच्या परिसरात २०१४-१५ मध्ये लीजनेअर्स या आजाराची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची, साथ आली. सुमारे ९० रुग्ण आणि १२ मृत्यू सरकारी दफ्तरी नोंदले गेले. नळांत क्लोरीन न टिकणे आणि ही साथ यांचा संबंध संशोधकांनी पुढे मांडला.

सरासरीत हरवलेली घंटा

आता कायद्याकडे. २००६ च्या सुधारित नियमानुसार शहरातल्या ठरावीक ठिकाणी दर तीन महिन्यांनी नमुने घेतात आणि प्रत्येक ठिकाणची चार तिमाहींची सरासरी ८० च्या आत आहे का ते पाहतात. आधी शहरभराची सरासरी काढत, त्यामुळे एखाद्या टोकाच्या वस्तीतले वाईट पाणी आकड्यात विरघळून जायचे. ठिकाणवार हिशेब ही मोठीच सुधारणा. पण काळाची सरासरी राहिलीच. समजा एका ठिकाणी उन्हाळ्यात १६० आले आणि उरलेल्या तीन तिमाहींत ४०, ६०, ४०. सरासरी ७५. कायदा मोडला नाही. त्या उन्हाळ्यात मर्यादेच्या दुप्पट पाणी प्यालेल्या गरोदर बाईला या सरासरीचा काय उपयोग?

स्रोत बदलल्यानंतरची पहिलीच वर्षे तर या हिशेबात सर्वांत फसवी, कारण चार तिमाही पुऱ्या व्हायच्या असतात. फ्लिंटमध्ये मे २०१४ च्या नमुन्यांनंतर ऑगस्टचे आले, मग नोव्हेंबरचे. उल्लंघन अधिकृत ठरायला डिसेंबर उजाडला आणि लोकांना कळायला जानेवारी. मध्ये आख्खा उन्हाळा गेला. नियमात एक आगाऊ इशाराही आहे : आधीच्या दोन तिमाहींचे आकडे आणि चालू तिमाहीचा आकडा दुप्पट करून, बेरजेला चारने भागायचे. उत्तर ८० च्या वर गेले तर केंद्राने कारणांचा अहवाल द्यायचा. उत्तम तरतूद. फ्लिंटसाठी असा अहवाल तयारही झाला. पण तो लिहिला गेला कागदपत्रांच्या चाकोरीत. कुणीतरी कच्च्या पाण्याच्या नोंदवहीपाशी बसून विचारायला हवे होते की नदीने कर्ब किती आणला, गाळणीच्या आधी आपण किती काढला आणि किती पुढे जाऊ दिला.

हा प्रश्नही कायद्यात आहे. कच्च्या पाण्यातला कर्ब आणि अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) पाहून किती टक्के कर्ब काढायचा याचा तक्ता १९९८ च्या नियमातच दिला आहे. कर्ब लिटरला ४ ते ८ मिलिग्रॅम आणि अल्कता १२० च्या वर असेल तर २५ टक्के काढायचा. अल्कता ६० च्या आत असेल तर ४५ टक्के. अल्कता जास्त असेल तर सूट जास्त, कारण अशा पाण्याचा सामू खाली आणणे अवघड आणि कर्ब तर किंचित आम्लधर्मी पाण्यातच चांगला गाळात बसतो. तांत्रिकदृष्ट्या हे समजण्यासारखे आहे. पण सूट पाण्याला मिळते, पिणाऱ्याला नाही. पंचवीस टक्के काढून नियम पाळला गेला तरी पंचाहत्तर टक्के पुढे क्लोरीनच्या तोंडी जातो, हे केंद्र चालवणाऱ्याने विसरून चालत नाही.

उपायाचा दुसरा चेहरा

मार्च २०१५ मध्ये सल्लागार कंपनीचा अहवाल आला. त्यात गाळणीतला जुना थर काढून दाणेदार सक्रिय कर्ब भरण्याची शिफारस होती. कर्बाने कर्ब पकडायचा, हे ऐकायला गमतीचे वाटते, पण खरे आहे. दगडी कोळसा किंवा नारळाची करवंटी विशिष्ट प्रकारे तापवून त्यात अतोनात सूक्ष्म छिद्रे पाडतात. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या काही ग्रॅम दाण्यांच्या आतला पृष्ठभाग एखाद्या खेळाच्या मैदानाएवढा भरतो, आणि विरघळलेला सेंद्रिय कर्ब त्याला चिकटून बसतो. फ्लिंटमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात हे काम झाले. ट्रायहॅलोमिथेन खाली आले.

त्याच अहवालातला दुसरा सल्ला मात्र मला फार अस्वस्थ करतो : कर्ब जास्त काढता यावा म्हणून फेरिक क्लोराइड वाढवा. कर्बाच्या दृष्टीने सल्ला बिनचूक. प्रयोगशाळेत तपासून पाहा : नदीच्या पाण्याचे सहा चंबू एका ओळीत मांडून प्रत्येकात त्याची वाढती मात्रा टाका, पाती फिरवा आणि थांबा. कमी मात्रेच्या चंबूत धुरकट पाणी तसेच राहते. पुरेशा मात्रेच्या चंबूत तपकिरी कापसासारखे पुंजके धरतात, जड होतात, तळाशी बसतात आणि वरचे पाणी काचेसारखे होते. पाहून समाधान वाटते. पण फेरिक क्लोराइडबरोबर पाण्यात क्लोराइडही जाते, आणि ते त्या निवळ पाण्यात दिसत नाही. या पाण्यात क्लोराइड आधीच जास्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्येच तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे बंद केले होते. डेट्रॉइटच्या पाण्यात नळांना आतून संरक्षक लेप देणारे फॉस्फेट असे. फ्लिंटच्या केंद्रात ते टाकलेच जात नव्हते. अशा पाण्यात आणखी क्लोराइड म्हणजे शिशाच्या जोडनळांवर आणखी मारा.

एक आकडा दुरुस्त करताना दुसरा कुणी पाहत नव्हते. कर्ब पाहणारे वेगळे, शिसे पाहणारे वेगळे, जिवाणू पाहणारे आणखी वेगळे, आणि पाणी मात्र एकच.

कुलर

जानेवारी २०१५ च्या सूचनापत्रात म्हटले होते की तातडीचा धोका नाही. वृद्धांनी, तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शास्त्रीयदृष्ट्या ही भाषा चुकीची म्हणता येत नाही. पण त्याच महिन्यात फ्लिंटमधल्या राज्य सरकारच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी बाटलीबंद पाण्याचे कुलर बसवले गेले. मजल्यावर नळाच्या पाण्याची सोय होती, तिच्याजवळच कुलर ठेवला, ज्याला जे हवे ते प्यावे म्हणून. शहरातल्या लोकांना ही निवड कुणी दिली नाही. त्यांना गढूळ, वासाच्या पाण्याचे बिल येत राहिले. ही बातमी वर्षभराने बाहेर आली तेव्हा लोकांचा संताप झाला, आणि तो समजण्यासारखाच होता.

त्याच जानेवारीत डेट्रॉइटने पुन्हा जोडणी देऊ केली, जोडणीचे शुल्क माफ करून. प्रशासकाने नकार दिला. मार्चमध्ये नगरपरिषदेने सात विरुद्ध एक मतांनी डेट्रॉइटच्या पाण्याकडे परतण्याचा ठराव केला. निर्णयाचा अधिकार प्रशासकाकडे होता आणि त्याने तो मानला नाही. कर्बाचा आकडा नऊ महिने सांगत होता की ही नदी या केंद्राला झेपत नाही. नळ परत वळवण्यासाठी त्याहून मोठे कारण लागत नव्हते. तो आकडा ऐकला असता तर शिशाचे कितीतरी महिने वाचले असते, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला फ्लिंटचे पाणी ट्रायहॅलोमिथेनच्या मर्यादेत परत आले. सक्रिय कर्बाच्या गाळण्या काम करत होत्या. त्याच महिन्यात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरीच्या नळांतल्या शिशाचे आकडे जाहीर केले, आणि बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे. १६ ऑक्टोबरला शहर डेट्रॉइटच्या पाण्यावर परतले.